गुन्ह्याचा बेत कानावर आला तर: माहिती पोलिसांना द्यावी कशी आणि ती पुढे जाते की नाही हे पाहावे कसे

गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी संध्याकाळी ठाण्यात कोर्ट नाक्याजवळच्या माझ्या कार्यालयात एक बाई आल्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यात त्यांचे पोळी-भाजी केंद्र आहे. स्वयंपाकघर आणि शेजारची भाड्याची खोली यांच्यामध्ये फक्त पत्र्याची भिंत आहे. सलग दोन रात्री त्या भिंतीपलीकडून त्यांना एकच बोलणे ऐकू आले होते: शनिवारी दुपारी एका कंत्राटदाराचा कारकून मजुरांच्या पगाराची रोकड घेऊन स्कूटरवरून येतो, त्याला कुठे अडवायचे, कोयता कोणी आणायचा आणि नंतर कोणत्या बाजूने निघायचे. बाई दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्यात गेल्या. तिथल्या ठाणे अंमलदारांनी, म्हणजे त्या वेळी ठाण्याच्या टेबलावर ड्युटीला असलेल्या पोलिसांनी, त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकले, हॉटेलच्या एका बिलाच्या पाठीवर दोन ओळी टिपल्या आणि म्हणाले, ‘‘ताई, ती जागा आमच्या हद्दीत येत नाही, तुम्ही पलीकडच्या ठाण्यात सांगा.’’ पलीकडच्या ठाण्यात उत्तर मिळाले, ‘‘अजून काही घडलेलंच नाही, तर तक्रार कसली लिहून घेऊ?’’

दोन्ही ठिकाणी कोणी त्यांच्याशी वाईट वागले नव्हते. तरीही माहिती जिथे सांगितली तिथेच थांबली होती आणि शनिवार दोन दिवसांवर आला होता. माझ्या वकिलीत असा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे, म्हणून हा लेख सविस्तर लिहीत आहे. होऊ घातलेल्या गंभीर गुन्ह्याची माहिती ऐकून घेतली म्हणजे पोलिसांचे कर्तव्य संपत नाही. तो गुन्हा रोखू शकेल अशा अधिकाऱ्यापर्यंत ती पोहोचवणे हेही कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. आणि माहिती देणाऱ्याने ती कशा स्वरूपात दिली, यावर ती किती वेगाने पुढे सरकेल हे बरेचसे अवलंबून असते.

कायदा नेमके काय सांगतो

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम १६८ ते १७२ मध्ये पोलिसांच्या प्रतिबंधात्मक कामाची तरतूद आहे. कलम १६८ प्रत्येक पोलीस अधिकाऱ्यावर दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, आपल्या कुवतीनुसार रोखण्याचे कर्तव्य टाकते. आपल्या विषयाचा गाभा मात्र कलम १६९ मध्ये आहे. जुन्या संहितेत हेच कलम १५० होते. दखलपात्र गुन्हा करण्याच्या बेताची माहिती ज्या पोलीस अधिकाऱ्याला मिळेल, त्याने ती आपल्या वरिष्ठाला कळवली पाहिजे, आणि शिवाय असा गुन्हा रोखणे किंवा त्याची दखल घेणे ज्याचे कर्तव्य आहे अशा इतर कोणत्याही अधिकाऱ्यालाही कळवली पाहिजे, असे हे कलम सांगते. या वाक्यातला ‘आणि’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. केवळ वरिष्ठाच्या कानावर घालून भागत नाही. जागा दुसऱ्या ठाण्याच्या, दुसऱ्या आयुक्तालयाच्या किंवा लोहमार्ग पोलिसांच्या हद्दीत असेल, तर तिथल्या अधिकाऱ्याला कळवण्याची जबाबदारी माहिती घेणाऱ्या पोलिसाची आहे, माहिती देणाऱ्या नागरिकाची नाही. ‘‘तुम्ही तिकडे जा’’ हे उत्तर या कलमात बसत नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ६४ मध्येही हेच कर्तव्य वेगळ्या शब्दांत आहे: दखलपात्र गुन्ह्यांविषयी आणि ते करण्याच्या बेतांविषयी माहिती मिळवणे, ती योग्य ठिकाणी देणे आणि गुन्हा रोखण्यासाठी कायद्याला धरून पावले उचलणे.

हे कर्तव्य जाणूनबुजून मोडणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ५९ मध्ये शिक्षा आहे. जो गुन्हा रोखणे आपले कर्तव्य आहे, त्याचा बेत एखाद्या लोकसेवकाने लपवला आणि गुन्हा घडला, तर त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या निम्म्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. मूळ गुन्ह्याला फाशीची किंवा जन्मठेपेची शिक्षा असेल तर दहा वर्षांपर्यंत. आणि गुन्हा घडलाच नाही तरी कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापर्यंत. मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या कलमासाठी गुन्हा सुकर व्हावा असा हेतू, किंवा आपल्या लपवण्याने तो सुकर होण्याचा संभव आहे याची जाणीव, सिद्ध करावी लागते. नुसता आळस किंवा हलगर्जी एवढ्याने हे कलम लागत नाही. त्यासाठी खातेनिहाय कारवाईचा मार्ग आहे. रागाच्या भरात अर्जात पहिल्याच ओळीत कलम ५९ लिहून पोलिसाला धमकावू नये, असे मी अशिलांना नेहमी सांगतो, कारण त्या ओळीने समोरचा माणूस माहितीऐवजी स्वतःच्या बचावाकडे वळतो.

पहिली पायरी: तुमच्याकडे काय आहे, हे आधी स्वतःशी ठरवा

भांडणात कोणी ‘‘तुला बघून घेतो’’ म्हणाला, तर तो बेत होत नाही. त्यातून धमकीची वेगळी तक्रार होऊ शकते. बेत म्हणजे ज्यात कोणाला, कधी, कुठे, कशाने यांपैकी काही तरी ठरू लागले आहे असे बोलणे, संदेश किंवा तयारी. सगळी उत्तरे हातात असण्याची गरज नाही. पुरावा गोळा करणे हे तुमचे काम नाही, आणि तसा प्रयत्न करताना माणसे अकारण धोक्यात येतात. भिंतीला कान लावून बसू नका, कोणाचा पाठलाग करू नका, दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरू नका. जे सहज कानावर किंवा डोळ्यांसमोर आले, तेवढेच सांगायचे.

गुन्ह्याचा प्रकारही लक्षात घ्या. खून, अपहरण, दरोडा, जबरी चोरी, संघटित गुन्हेगारी, दहशतवादी कृत्य यांसारख्या ठरावीक गुन्ह्यांविषयी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३ नागरिकावरही कर्तव्य टाकते: असा गुन्हा घडल्याचे किंवा घडवण्याचा कोणाचा इरादा असल्याचे कळले, तर जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलिसांना ताबडतोब कळवावे, आणि न कळवण्यास वाजवी कारण होते असे म्हणायचे असेल तर ते दाखवण्याचा भार त्या माणसावर राहील. शहापूर, मुरबाडसारख्या ठाणे ग्रामीणच्या गावांत पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीचे सदस्य यांच्यावर याहून अधिक स्पष्ट जबाबदारी आहे. तिथे पोलीस पाटलाकडे माहिती देणे हाही योग्य मार्ग आहे.

गुन्हा जुळवून आणण्यासाठी म्हणून फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा बेत कोणी लपवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ५८ खाली गुन्हा घडल्यास सात वर्षांपर्यंत आणि न घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वकील म्हणून एक जोड देतो: अशील आणि वकील यांच्यातली गोपनीयता पुढे करायच्या गुन्ह्याला लागू होत नाही. ‘‘साहेब, तुमच्याजवळच ठेवा’’ असे म्हणून कोणी बेत सांगितला, तर तो आमच्याजवळ ठेवता येत नाही.

दुसरी पायरी: वेळ किती आहे, यावरून मार्ग ठरवा

गुन्हा काही तासांत घडणार असेल, तर अर्ज लिहीत बसू नका. ११२ वर फोन करा. फोनवर आधी जागा सांगा, मग वेळ, मग काय होणार आहे, आणि शेवटी स्वतःविषयी. बहुतेक लोक उलट क्रमाने सुरुवात करतात, स्वतःची ओळख आणि मागची हकीकत सांगतात, आणि जागेपर्यंत येईतो समोरच्याचे प्रश्न सुरू झालेले असतात. फोनची वेळ कागदावर टिपून ठेवा आणि कॉलचा संदर्भ क्रमांक किंवा संदेश आला तर जपून ठेवा. लोकलमध्ये किंवा स्थानकात काही घडणार असेल तर रेल्वेचा १३९ आहे, मुलांसंबंधी असेल तर १०९८ आहे. पण कोणता क्रमांक योग्य याचा विचार करण्यात वेळ घालवू नका; ११२ सगळ्यांसाठी चालतो.

हातात एक-दोन दिवस असतील, तर तोंडी सांगण्यावर थांबू नका. लेखी द्या.

तिसरी पायरी: हद्दीचा प्रश्न स्वतःवर घेऊ नका

आपल्या भागात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा अधिक येतो. विटाव्यापर्यंत ठाणे पोलीस आयुक्तालय आणि लगेच पुढे दिघ्यापासून नवी मुंबई पोलीस आयुक्तालय. ऐरोलीचा पूल ओलांडला की मुंबई पोलीस. शीळफाट्यावरून एक रस्ता महापेकडे, दुसरा कल्याणकडे, तिसरा पनवेलच्या बाजूला जातो आणि काही मिनिटांत आयुक्तालय बदलते. पनवेल महसुलाने रायगड जिल्ह्यात, पण पोलिसांच्या दृष्टीने नवी मुंबई आयुक्तालयात. स्थानकाच्या आवारात लोहमार्ग पोलीस वेगळे. बेत आखणारा कळव्यात राहतो, सावज रबाळ्यात काम करते आणि वार महापे रस्त्यावर व्हायचा आहे, अशी मांडणी इथे मुळीच असाधारण नाही.

ज्याच्यापुढे माहिती मांडली, त्याने ती योग्य हद्दीत पाठवायची, हे कलम १६९ सांगते. म्हणून जे ठाणे जवळ आहे तिथेच द्या. गुन्हा घडून गेल्यावर हद्दीची अडचण येऊ नये म्हणून शून्य क्रमांकाने नोंद करण्याची सोय आता कलम १७३ मध्येच आली आहे, हे बऱ्याच लोकांना माहीत असते. न घडलेल्या गुन्ह्यासाठी तेच काम कलम १६९ करते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते, आणि खरे सांगायचे तर ठाणे अंमलदाराच्या टेबलावरही ते नेहमी आठवत नाही. तेव्हा कलमाचा क्रमांक अर्जातच लिहा.

सोय असेल तर एकाच अर्जाच्या प्रती दोन्ही हद्दींतल्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना द्या आणि दोन्हींवर ‘प्रत’ म्हणून दुसऱ्याचे नाव लिहा. मग दोघांनाही ठाऊक असते की दुसऱ्यालाही ठाऊक आहे.

चौथी पायरी: अर्ज कसा लिहावा

इथे थोडे थांबतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त फरक या कागदाने पडतो. पोलीस ठाण्यात रोज येणाऱ्या अर्जांत शेजाऱ्यांची भांडणे, पार्किंगचे वाद, पैशांची देणीघेणी असतात. अर्जाच्या पहिल्या तीन ओळींत काय आहे, यावरून तो ढिगात जाईल की वरिष्ठांच्या हातात, हे ठरते.

त्या बाईंचा अर्ज आम्ही एका पानात बसवला. विषयाची ओळ अशी होती: ‘‘शनिवारी दुपारी जबरी चोरी किंवा दरोड्याचा बेत असल्याची माहिती, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १६९ प्रमाणे वरिष्ठांना व संबंधित हद्दीतील अधिकाऱ्यांना तातडीने कळवण्याबाबत.’’ त्याखाली पहिला परिच्छेद फक्त काय होणार आहे याचा: दिवस, अंदाजे वेळ, रस्ता, कोणावर, कोणत्या हत्याराने. दुसऱ्या परिच्छेदात हे कसे कळले ते: कोणत्या तारखांना, किती वाजता, कुठे उभे असताना, पत्र्याच्या भिंतीतून. तिसऱ्यात जे ऐकले ते शक्य तितके त्यांच्याच शब्दांत.

मग मी त्यांना विचारले, ‘‘आवाज किती माणसांचे होते?’’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग बोटांवर मोजू लागल्या: एक खोकणारा, एक हिंदीत बोलणारा, एक ज्याला बाकीचे ‘भाऊ’ म्हणत होते, एक जो मधूनच हसायचा, आणि एक जो फक्त ‘हां, हां’ म्हणत होता. पाच. कायद्यात या पाचाला फार अर्थ आहे. चौघांपर्यंत असतील तर जबरी चोरी, पाच किंवा अधिक असतील तर दरोडा, आणि दरोड्याच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० खाली केवळ तयारी करणे किंवा दरोड्यासाठी एकत्र जमणे हाही स्वतंत्र, गंभीर गुन्हा आहे. म्हणजे शनिवार उजाडण्याआधीच, त्या खोलीत, एक गुन्हा होत होता. हे बाईंना माहीत असण्याचे काहीच कारण नव्हते. पण मोजून सांगितलेली ती पाच बोटे अर्जात आल्यामुळे ‘‘अजून काही घडलेलं नाही’’ हे उत्तर देणे कठीण झाले.

ऐकीव आणि पाहिलेले वेगळे ठेवा. ‘‘मला असे वाटते’’ हे लपवू नका. वाटणे आहे असे लिहा. माणसाचे नाव खात्रीने माहीत नसेल तर नाव घालू नका, वर्णन द्या. चुकीचे नाव घातले तर निरपराध माणसाच्या दारात पोलीस उभे राहतात. मुद्दाम खोटी माहिती देऊन कोणाला त्रास दिला, तर न्याय संहितेच्या कलम २१७ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सद्भावनेने दिलेली माहिती पुढे निराधार निघाली म्हणून हे कलम लागत नाही. माहिती खोटी आहे हे माणसाला ठाऊक असले पाहिजे.

अर्जाच्या शेवटी दोन विनंत्या लिहा. पहिली, माहिती देणाऱ्याचे नाव गोपनीय ठेवावे. दुसरी, ज्याच्यावर हल्ला होण्याची भीती आहे त्याला सावध करावे. या दुसऱ्या विनंतीची गरज अशी की, कलम १६९ च्या शब्दांत सावजाला कळवण्याचा उल्लेख नाही. ती गोष्ट गुन्हा रोखण्याच्या सर्वसाधारण कर्तव्यातून येते. ब्रिटनमध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या १९९८ च्या ऑस्मन निकालानंतर जिवाला खरा आणि नजीकचा धोका असलेल्या व्यक्तीला पोलिसांनी तशी सूचना देण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे तशी ठाम पद्धत यायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे. तोपर्यंत ती लेखी मागणे आपल्या हातात आहे.

पाचवी पायरी: पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका

अर्जाची दुसरी प्रत बरोबर न्या. तिच्यावर ठाण्याचा शिक्का, तारीख, वेळ आणि आवक क्रमांक घ्या. वेळ लिहायला विसरतात, ती आवर्जून मागा. नंतर सगळे प्रश्न वेळेभोवतीच फिरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी स्पष्ट केले आहे की दखलपात्र गुन्ह्यासंबंधीच्या सर्व माहितीची नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत, म्हणजे पोलीस ज्याला स्टेशन डायरी म्हणतात तिच्यात, झाली पाहिजे. म्हणून ‘‘स्टेशन डायरीला नोंद घेतली का, क्रमांक काय?’’ एवढे विनयाने विचारा. हॉटेलच्या बिलाच्या पाठीवरच्या ओळी ड्युटी बदलली की टेबलावरून नाहीशा होतात. डायरीतली नोंद पुढच्या अंमलदारालाही वाचावी लागते.

शक्य असेल तर ठाणे अंमलदाराकडे अर्ज देऊन परत न फिरता वरिष्ठ निरीक्षकांना किंवा ठाण्यातल्याच गुन्हे निरीक्षकांना पाच मिनिटे भेटा. त्यांच्या हाताखालचे गुन्हे प्रकटीकरण पथक आणि गोपनीय शाखेचे अंमलदार ही माहिती पडताळतात. अर्ज ईमेलने पाठवला असला तरी फोन करून तो उघडला गेल्याची खात्री करा.

पोलिसांनी पुढे काय करायचे असते

माहिती योग्य वाटेने गेली, तर ठाण्यातून ती सहायक पोलीस आयुक्तांकडे, तिथून परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे जाते, नियंत्रण कक्षाला कळते, गरजेप्रमाणे विशेष शाखा आणि गुन्हे शाखेला जाते, आणि दुसऱ्या आयुक्तालयाची हद्द असेल तर तिथल्या नियंत्रण कक्षाला संदेश जातो. प्रत्यक्षात नाकाबंदी, गस्त वाढवणे, संशयितांना बोलावून समज देणे, सावजाची वाट किंवा वेळ बदलायला सांगणे अशी साधी पावले बहुतेक वेळा उचलली जातात. गुन्हा दुसऱ्या कोणत्याही प्रकारे टळणार नाही असे दिसले, तर कलम १७० खाली वॉरंटशिवाय अटक करता येते, पण दुसऱ्या कलमाखाली गरज नसेल तर चोवीस तासांपेक्षा जास्त काळ ठेवता येत नाही. शांतता राखण्याचे बंधपत्र कलम १२६ खाली घेता येते.

माहितीतून दोघांमध्ये गंभीर गुन्हा करण्याचे ठरल्याचे उघड होत असेल, तर तो न्याय संहितेच्या कलम ६१ खालचा फौजदारी कट होऊ शकतो, आणि तो दखलपात्र असेल तर प्रथम माहिती अहवाल नोंदवणे बंधनकारक ठरते. ठरवणे हाच गुन्हा आहे, ही गोष्ट ‘‘घडल्यावर या’’ असे सांगणाऱ्यापुढे शांतपणे मांडायला हवी.

माहिती खाली राहिली तर काय होते, हे मुंबई परिसराने २६ नोव्हेंबर २००८ नंतर पाहिले आहे. त्या हल्ल्यानंतर नेमलेल्या प्रधान समितीसमोर गुप्तवार्तांच्या हाताळणीचा प्रश्न ठळकपणे आला होता. बारक्या ठाण्यातली बारकी माहिती आणि राज्याच्या पातळीवरची गुप्तवार्ता यांच्यात आकाराचा फरक आहे, वाट मात्र एकच आहे.

काही प्रसंगी नियम अधिक कडक आहेत

आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय विवाह केलेल्या जोडप्याविरुद्ध जमाव किंवा जातपंचायत बसणार असल्याचे कळले, तर सर्वोच्च न्यायालयाचा शक्ती वाहिनी प्रकरणातला २७ मार्च २०१८ चा निकाल हाताशी ठेवा. अशी बैठक ठरल्याची माहिती मिळालेल्या कोणत्याही पोलिसाने किंवा जिल्हा प्रशासनाच्या अधिकाऱ्याने ती लगेच आपल्या वरिष्ठाला आणि त्याच वेळी उपविभागीय व जिल्हा पातळीवरच्या पोलीस प्रमुखांना कळवावी, असा त्यात स्पष्ट आदेश आहे, आणि तो न पाळणे हे हेतुपुरस्सर केलेले दुर्लक्ष मानून खातेनिहाय कारवाई करावी असेही सांगितले आहे. जमावाकडून मारहाण होण्याची भीती असेल, मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा गटागटांतून फिरत असेल, तर १७ जुलै २०१८ च्या तहसीन पूनावाला निकालाप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात अशा हिंसेसाठी एक नोडल अधिकारी नेमलेला असावा लागतो. अर्जाची प्रत त्यांच्या नावे द्या.

मुलांवरील लैंगिक गुन्ह्याच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे कलम १९ गुन्हा घडण्याची नुसती भीती असली तरी माहिती देण्यास सांगते. पोलिसांनी अशा माहितीला नोंद क्रमांक द्यायचा, ती लिहून माहिती देणाऱ्याला वाचून दाखवायची आणि चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवायचे असते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही तेच कलम सांगते. शाळा, शिकवणी किंवा वसतिगृहात काम करणाऱ्यांनी हे पाठ ठेवावे.

नाव गुप्त राहील का

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि तो योग्यच आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३१ प्रमाणे गुन्ह्याची माहिती कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. माहिती अधिकारातही माहिती देणाऱ्याची ओळख किंवा त्याच्या जिवाची सुरक्षा धोक्यात येईल असा तपशील नाकारता येतो. तरीही व्यवहारात काळजी घ्यावी. आपल्या गल्लीत गणवेशातले पोलीस विचारपूस करायला न पाठवता फोनवर बोलवावे, अशी विनंती अर्जात लिहा. सोसायटीच्या गटात किंवा नातेवाइकांत यातले काही बोलू नका. नाव फुटते ते बहुतेक तिथूनच.

पुढे तुम्ही साक्षीदार ठरलात आणि धोका वाटला, तर २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, जिला सर्वोच्च न्यायालयाने महेंद्र चावला प्रकरणात कायद्याचे बळ दिले. तिच्याखाली केलेल्या अर्जावर पोलिसांकडून धोक्याचे मूल्यमापन मागवले जाते.

माहिती हलत नसेल तर

पोच हातात आहे, पण काही हालचाल दिसत नाही. अशा वेळी ठाण्यात पुन्हा पुन्हा फेऱ्या मारू नका. त्याच दिवशी एक पायरी वर जा. त्याच अर्जाची प्रत, आवक क्रमांकासह, सहायक आयुक्तांना आणि उपायुक्तांना द्या. वेळ अगदी थोडा असेल तर थेट आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षाला कळवा. कट किंवा तयारी असा दखलपात्र गुन्हा उघड होत असूनही नोंद नाकारली, तर कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे माहितीचा सारांश टपालाने उपायुक्तांना पाठवा आणि तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करा. जिवाला धोका असेल आणि वरच्या पातळीवरही दाद मिळत नसेल, तर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका तातडीने मांडता येते.

माहिती अधिकाराचा एक उपयोग लोक विसरतात. मागितलेली माहिती कोणाच्या जीवित किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल, तर ती अठ्ठेचाळीस तासांत देणे बंधनकारक आहे. ‘‘अमुक आवक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी, कोणत्या अधिकाऱ्याकडे पाठवला’’ एवढाच प्रश्न विचारा. तपासाचा तपशील मागितलात तर नकार मिळेल. कागदाचा प्रवास मागितलात तर उत्तर टाळणे अवघड जाते. कर्तव्यात गंभीर कसूर झाली असे वाटत असेल, तर पुढे राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचा मार्ग आहे. प्रकाश सिंह प्रकरणातल्या २००६ च्या निकालानंतर ही व्यवस्था आली. पण ते नंतरचे काम आहे. आधी शनिवार टळला पाहिजे.

माहिती बदलली तर तीही कळवा

त्या गुरुवारी रात्री साडेआठच्या सुमारास बाईंनी अर्जाची एक प्रत पहिल्या ठाण्यात आणि एक दुसऱ्या ठाण्यात दिली, दोन्हींवर शिक्का आणि वेळ घेतली, आणि ११२ वरही कळवले. शुक्रवारी दुपारी त्यांना साध्या वेशातल्या एका अधिकाऱ्यांचा फोन आला आणि ते केंद्रावर गिऱ्हाईक म्हणून येऊन भिंत आणि खोली पाहून गेले. कंत्राटदाराला सावध केले गेले. त्या आठवड्याचा पगार रोख आलाच नाही. शनिवारी त्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना नाकाबंदी होती.

शनिवारी सकाळी बाईंचा मला फोन आला: खोलीतले लोक शुक्रवारी मध्यरात्रीच सामान उचलून गेले होते. कोणत्या दिशेला, ते त्यांना कळले नव्हते, पण जाताना टेम्पो आला होता आणि त्याच्या मागच्या काचेवर एका गावाचे नाव रंगवलेले त्यांनी पाहिले होते. आम्ही त्या दोन ओळी पहिल्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन तासाभरात दोन्ही ठाण्यांना दिल्या, कारण निघून गेलेली माणसे आता तिसऱ्याच हद्दीत असू शकत होती आणि तिथल्या अधिकाऱ्याला अजून कोणी काही सांगितलेले नव्हते.